साडेबाराशेचे इअरफोन

८ फेब्रुवारी

घसा गेला! पूर्ण गेला. सकाळी लॅबच्या काउंटरवर "नंबर अकरा" म्हटलं तर नंबर अकरा जागचा हलला नाही. तिसऱ्या हाकेला उठला आणि वर मलाच म्हणतो, मॅडम, जरा मोठ्याने बोलत जा. मोठ्याने! काल तीन तास कोरसमध्ये किंचाळून आलेय मी. आता रक्त द्यायला आलेल्यांसाठी आवाज कुठून आणू?

काल रमाई जयंतीचा कार्यक्रम होता, अंबरनाथ पूर्वेला. आईचे भाऊ शंकरमामा पेटीवर आणि पुढचं गाणंही त्यांचंच, मुकेश ढोलकीवर, मागे कोरसला मी आणि मामांची मुलगी इरा. दोन वर्षं झाली मला मामांच्या या गायन पार्टीत. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात माइक — फोटोत अगदी गायिका! आणि दोन वर्षांत स्टेजवर माझा आवाज मला एकदाही ऐकू आलेला नाही. गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून एक स्पीकर स्टेजकडे तोंड करून ठेवतात. त्याचं तोंड कायम मामांकडे. आमच्या वाट्याला ढोलकी आणि गर्दीचा गोंगाट. इराला विचारलं, तुला तुझा आवाज येतो का? म्हणाली, येतो की थोडा. ती वीस वर्षांची आहे, तिला सगळंच ऐकू येतं.

मुकेशने घरी आल्यावर मिठाचं गरम पाणी करून दिलं. नवरा म्हणून या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण फरक शून्य.

९ फेब्रुवारी

आज त्याहून वाईट. दिवसभर कागदावर नंबर लिहून दाखवले.

११ फेब्रुवारी

आमच्याच भागात, कॅम्प चारला, मामांकडे रिहर्सल. रिहर्सलला माइक नसतात, चौघं गोल करून बसतो, त्यामुळे तिथं मी नीट गाते. आज अर्ध्या घशानेही बरी गायले.

चहा झाल्यावर विचारून टाकलं. चौदा एप्रिलला एक गाणं मला द्याल का? एकच. मागच्या वर्षीही विचारलं होतं, तेव्हा 'बघू' म्हणाले होते. मामांनी पेटी मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्वप्नाली, घरातलं गाणं वेगळं. स्टेजवर धीर लागतो."

धीर! कंपनीत पस्तीस वर्षं काढली, फोरमनसमोर कधी वर मान केली नाही, आणि मला धीर शिकवतात!

मग अट घातली. "वीस मार्चला बदलापूर आहे, पाच एप्रिलला कॅम्प एक. कोरसमधून तुझा आवाज मला ऐकू येऊ दे. आला तर चौदाचं गाणं तुझं. नाहीतर इरा गाईल."

सगळ्यांसमोर. इरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसली. मुकेश ढोलकीच्या कड्या आवळत राहिला. रिक्षात मी त्याला म्हटलं, ऐकू येईल कसा? स्पीकर स्वतःकडे वळवून घ्यायचा आणि वर विचारायचं, तुझा आवाज कुठाय! तो म्हणाला, जाऊ दे ना, मोठे आहेत. त्याच्याकडे सगळ्यावर हे एकच औषध आहे.

१९ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरकडे गेले. नाकातून कॅमेरा घातला मेल्याने! म्हणाला, सूज आहे. गाता की भांडता? दोन्ही, म्हटलं. हसला नाही. म्हणाला, स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की माणूस आपोआप ओरडतो. कानात ऐकायची काहीतरी सोय करा, नाहीतर चार महिने गाणं बंद ठेवा.

चार महिने म्हणजे एप्रिल गेलाच. मग मी काय करू, टाळ्या वाजवायला जाऊ?

२३ फेब्रुवारी

अवधूतला फोन केला. आमच्या कार्यक्रमांचं साउंड तोच करतो — मुकेशच्याच कंपनीत आहे, हा त्याचा जोडधंदा. आधी म्हणाला, कशाला वहिनी, एवढं काय त्यात. मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. मग त्याने समजावलं.

घरी आहे तो हेडफोन डोक्यावरून घालायचा, कानांवर दोन उशा बांधल्यासारखा. घरी ठीक आहे. तो घालून स्टेजवर बसले तर लोकांना वाटेल, बाई हेलिकॉप्टर उडवायला आली आहे. म्हणजे कानाच्या आत बसणारे हवेत. मोबाइलबरोबर आलेले सैल आहेत, मान हलवली की पडतात. बिनवायरचे हजारात मिळतात, पण त्यात आवाज किंचित मागून येतो — आपण पुढे, आवाज मागे, ताल गेलाच. स्टेजवाल्या मोठ्या कलाकारांचे असतात ते कमरेला डबी लावायचे, त्याचे दहा-बारा हजार! ते सोडा. राहिले वायरचे, रबरी बोंडाचे, कानामागून वळसा घालून बसणारे. बाराशे ते दोन हजार. अवधूत त्याच्या मिक्सरमधून लांब वायर टाकेल आणि त्यात फक्त माझाच आवाज सोडेल. बाकीचे ऐकू येतातच, नको तेवढे येतात.

दीड हजार माझ्याकडे आहेत. चौदा तारखेच्या नव्या साडीचे.

२४ फेब्रुवारी

मुकेश नको म्हणतो! कानात वायर दिसली तर लोक म्हणतील, रेकॉर्ड लावून नुसतं तोंड हलवते. कान खराब होतात. घाम गेला की बिघडतात. दोन कार्यक्रमांसाठी कशाला. साडी घे, आई काय म्हणेल जुनी साडी बघून. आमच्या लग्नाच्या बोलणीत बोलला असेल त्यापेक्षा जास्त शब्द आज त्याने एका दमात वापरले.

मागच्या महिन्यात ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फुटली तेव्हा दोन हजार गेले. तेव्हा घरात चर्चा झाली नाही. ढोलकी वाजायलाच हवी ना! माझा घसा मात्र फुकटचा, देवाने — बरं, निसर्गाने — दिलेला, त्याला काय खर्च करायचा.

२ मार्च

घ्यायचे. नाही घ्यायचे. घ्यायचे. आई म्हणाली, तुझ्याकडे निळी साडी आहे की धुतलेली, ती नेस आणि गा. माझ्या आईचं, द्रौपदीबाईंचं, एक बरं आहे, त्यांना साडी दिसत नाही, मुलगी दिसते.

घ्यायचे.

७ मार्च

घेतले. कॅम्प चारमध्येच, गल्लीतल्या एका सिंधी दुकानदाराकडून. सोळाशे म्हणाला. मी नऊशे म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला, मी पर्स बंद केली, त्याने परत बोलावलं. शेवटी साडेबाराशे. "दीदी, अभी चेक करो, अच्छे से चेक करो. बाद में वापस नहीं होगा." त्याच्याच मोबाइलला लावून ऐकले. स्वच्छ. तीन मापांची बोंडं दिली, त्यातलं सगळ्यात लहान मला बसतं. माझे कान लहान आहेत हे तिशीनंतर कळलं.

मुकेशने हातात घेऊन बघितले. चांगले आहेत, म्हणाला. परत ठेवून दिले.

१० मार्च

तीन दिवस मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून यात ऐकतेय. बापरे! मी ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडते. नेहमी. श्वासही चुकीच्या जागी घेते. कोणी कधी सांगितलं नाही. ऐकू येत असेल तर सांगतील ना! आता दुरुस्त करतेय. हळू गायलं तरी गाणं भरतं. घसा दुखत नाही. आज भांडी घासताना गात होते तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी बंद करून ऐकलं, असं त्यांनीच खिडकीतून सांगितलं.

२१ मार्च

साडेबाराशे रुपये पाण्यात!! काल बदलापूर. कानात नीट बसवले, अवधूतने वायर जोडली, मामांनी पहिली ओळ टाकली, आम्ही कोरस उचलला — आणि कानात काही नाही. ठार शांतता. वायर हलवली. बोंड काढून परत घातलं. काही नाही. त्यात दोन्ही कान बंद, म्हणजे आधी जो गोंगाट ऐकू यायचा तोही लांब गेला. विहिरीत बसून गातेय असं वाटलं. मग काय, ओरडले. पुन्हा तीन तास ओरडले. मधेच मामांनी गाणं थांबवून बक्षीस देणाऱ्यांची नावं वाचली, ती एकवीस नावं, तेवढाच घशाला आराम.

संपल्यावर मंडळाचे एक गृहस्थ आले. ताई, ट्रॅकवर गाता का, मागे रेकॉर्ड लावून? मुकेशने माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं ना, असं.

अवधूत केबल गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, पीस गेला असेल वहिनी. स्वस्तातले असेच असतात.

मामा म्हणाले, "याही वेळेला काही ऐकू आलं नाही." बस, एवढंच. गाडीत बसले.

२२ मार्च

दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. शटर अर्ध्यावर असतानाच सुरू झाले. खराब माल गळ्यात मारता, बाईमाणूस बघून फसवता, जे तोंडात आलं ते बोलले, तेही बसलेल्या घशाने. तो म्हणाला, "दीदी, बोहनी का टाइम है. पहले दिखाओ तो सही." मोबाइलला लावले. वाजले. टीव्हीला लावले. वाजले. मला ऐकायला दिले. स्वच्छ! मी म्हटलं, इथं वाजतात, स्टेजवर वाजत नाहीत. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाच माझं बोलणं ऐकू आलं. तरी मी हटले नाही. शेवटी त्याने नवा पीस काढून दिला, जुना ठेवून घेतला आणि हात जोडले.

लॅबला वीस मिनिटं उशीर. पगारातून कापतील.

२९ मार्च

नवा पीसही घरी उत्तम चालतो. मुकेश म्हणतो, पाच तारखेला राहू दे, घालू नको, उगाच परत तमाशा. इराला गाऊ दे ना एक वर्ष, लहान आहे. मी त्याला विचारलं, तू कोणाच्या बाजूचा आहेस? म्हणाला, तुझ्याच. घसा बघ ना तुझा. हे खरं आहे. ज्येष्ठमधाची काडी रोज तोच आणून देतो. त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी नीट चिडता येत नाही.

५ एप्रिल

आत्ता पावणेपाच वाजलेत. कॅम्प एक. स्टेजच्या मागे खुर्चीवर बसून मोबाइलमध्ये लिहितेय, घरी वहीत उतरवीन. सारखी चुकीची अक्षरं दाबली जातायत. रागाने.

चार वाजता मुद्दाम लवकर आले, एकटी, तपासून बघायला. अवधूतने वायर जोडली, माइक दिला आणि चहा आणायला गेला. मी इअरफोन घातले. हॅलो म्हटलं. काही नाही. नवा पीस, तरी काही नाही! मग उठून त्याच्या मिक्सरपाशी गेले. ओळीने बटणं, वर-खाली सरकणारी, प्रत्येकाखाली कागदी पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. शंकरमामा. पेटी. ढोलकी. इरा. शेवटी नुसतं 'स्व.' — मेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात तसं. सगळ्यांची बटणं मध्यावर. माझं तळाला. अगदी तळाला.

मी ते वर सरकवलं. हॅलो म्हटलं.

आणि मी आले! कानात. माझा श्वाससुद्धा. बाहेर मैदानातल्या स्पीकरमधूनही माझंच हॅलो, खुर्च्या लावणारे दोघं वळून बघायला लागले. मला रडू आलं. आनंदाचं नाही. म्हणजे पीस चांगला होता. पहिलाही चांगला होता. माझा आवाजच बंद होता! दोन वर्षं मी बंद माइकमध्ये ओरडत होते. घसा सुजवून घेतला. डॉक्टरला पैसे दिले. त्या बिचाऱ्या दुकानदाराचा सकाळी सकाळी उद्धार केला.

अवधूत दोन कप घेऊन आला आणि माझा हात बटणावर बघून तिथंच थांबला. मी म्हटलं, कधीपासून? म्हणाला, "पहिल्या कार्यक्रमानंतरच सांगितलं होतं मला. मी काय करणार, वहिनी?" कोणी सांगितलं, ते विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पार्टी कोणाची? स्पीकरचं तोंड कोणाकडे? कोणाच्या मुलीला माझ्या शेजारी बसवलंय?

त्याला एवढंच म्हटलं, आज हे बटण वरच राहील. खाली आलं तर मी स्टेजवरून उतरून इथं येईन. कोणाला काही सांगायचं नाही. चहा घेतला नाही.

६ एप्रिल

हळू गायले. एकदाही ओरडले नाही. दुसऱ्या गाण्यात मामांची बोटं पेटीवर अडखळली आणि त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मग तिसऱ्यातही बघितलं. बघा! म्हटलं, बंद केलेला नळ कसा सुटला, बघा.

गाडीत बसताना म्हणाले, "चौदाचं तू." जणू काही खिशातून काढून बक्षीस देतायत. तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडीत इरा होती, गप्प बसले. ती माझा हात दाबून म्हणाली, ताई, किती मस्त. तिला बिचारीला काहीच माहीत नसणार.

घरी मुकेशला सगळं सांगितलं, बटणासकट. त्याचा चेहराच उतरला. अवधूत आणखी काय म्हणाला, विचारलं. मी म्हटलं, आणखी कशाला काय म्हणायला हवं? तो उठून पाणी पिऊन आला. मग म्हणाला, मामांना काही बोलू नकोस, त्यांना प्रेशर आहे. सगळ्यांना मामांची काळजी!

८ एप्रिल

त्या दुकानदाराकडे गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, तोंडातून निघेना. चार्जरची एक केबल घेतली. नव्वद म्हणाला, नव्वद दिले. भाव केला नाही. तो जरा घाबरलेलाच होता.

११ एप्रिल

ठरलं. चौदाला गाणार. पूर्ण जीव ओतून गाणार. आणि गाणं संपल्यावर मामांना सगळ्यांसमोर विचारणार — माझा आवाज आवडत नव्हता तर तोंडावर सांगायचं होतंत, मी घरी बसले असते. दोन वर्षं बाहुली करून कशाला बसवलंत? पांढऱ्या साडीत दोन बायका मागे शोभून दिसतात म्हणून? मग माइक त्यांच्या हातात देऊन पार्टी सोडणार. वाक्यं पाठ केली आहेत. आरशासमोर दोनदा म्हणून बघितली. आईला सांगितलेलं नाही, भावाबहिणीत लागेल.

१५ एप्रिल

गायले.

आमच्याच नगरात, कॅम्प चारला. निळी साडी, मागच्या वर्षीची. समोर पहिल्या रांगेत आई. कानात माझा आवाज, जसा आहे तसा, थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी न पडलेला. मधे दोघं-तिघं नोटा घेऊन स्टेजवर आले, तर मामांनी एका हाताने पेटी चालू ठेवून दुसऱ्या हाताने त्यांना थांबवलं. माझं गाणं संपेपर्यंत एकही नाव वाचलं नाही. असं ते स्वतःच्या गाण्यातही करत नाहीत. हे बघून मी मनात आणखीच चिडले. आता कशाला हा मोठेपणा!

संपल्यावर स्टेजच्या मागे गेले. मामा खुर्चीवर बसून पाणी पीत होते. इरा होती, अवधूत होता, मुकेश ढोलकी खोळीत घालत होता. मी म्हटलं, मामा, मला तुमच्याशी बोलायचंय. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्या आधी तेच बोलले.

"स्वप्ने, अशी गातेस, मग दोन वर्षं स्टेजवर नुसते ओठ का हलवत होतीस? घरी तर छान गायचीस. तुझा आवाज येतो का बघायला तो स्पीकर मी माझ्याकडे वळवून घेतला होता. कान लावून बसायचो. कधी आलाच नाही. मला वाटलं, पोर घाबरते. तुला कसं विचारायचं तेच कळत नव्हतं."

डोळे पुसत होते. मामा! मी त्यांना कधी डोळे पुसताना बघितलेलं नाही.

पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले आणि रिक्षात जाऊन बसले. घरी येईपर्यंत मुकेश ढोलकी मांडीवर घेऊन बाहेरच बघत होता.

१६ एप्रिल

सकाळी लॅबमधून अवधूतला फोन केला. नाव विचारलं. म्हणाला, वहिनी, घरातच विचारा.

विचारलं. मुकेशने नाकारलं नाही. म्हणाला, पहिल्या कार्यक्रमात तू दोनदा सुरातून घसरलीस, पुन्हा घसरली असतीस तर मामांनी काढून टाकलं असतं, म्हणून मीच सांगितलं अवधूतला. "तुला तिथं बसायला किती आवडतं, मला माहीत होतं ना."

बसायला!